गारगोट्यांचा हिशेब

वडील नावाजलेले डॉक्टर, आजोबाही डॉक्टर, घरात पैसाअडका भरपूर, आणि मुलाचे लक्ष कशात म्हणाल, तर बंदुकीत, कुत्र्यांत आणि उंदीर पकडण्यात! इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावच्या रॉबर्ट डार्विन यांना आपल्या धाकट्या मुलाची, चार्ल्सची, अशी काळजी लागून राहिली होती. हा पोरगा स्वतःचे नाव तर बुडवीलच, पण सगळ्या घराण्याला खाली मान घालायला लावील, असे ते एकदा त्याच्या तोंडावर बोलले. चार्ल्स ते बोलणे जन्मभर विसरला नाही. म्हातारपणी आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हा त्याने ते नमूद केले. वडील मनाचे फार प्रेमळ, त्या दिवशी रागाच्या भरात बोलून गेले असावेत, अशी पुस्तीही जोडली.

हाच तो उत्क्रांतिवादाचा डार्विन. शाळेच्या पुस्तकातून तो आपल्याला भेटतो तो पांढऱ्या दाढीचा, गंभीर चेहऱ्याचा. त्याचा सिद्धान्त आपण पाठ करतो. पण तो काम कसे करत होता, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. आपल्याकडे अभ्यासाला, रियाजाला आणि कारकुनीलाही एक शब्द कौतुकाने लावला जातो, तो म्हणजे बैठक. अमक्याची बैठक पक्की, म्हणजे त्याच्या हातून काम होणार, अशी आपली समजूत. मूल खिडकीबाहेर पाहू लागले की आई हाक मारते, आणि कार्यालयात कुणी खुर्चीवर दिसला नाही की साहेबांची भुवई चढते. अशा आपल्याला डार्विनचा दिनक्रम थोडा बुचकळ्यात टाकतो. या माणसाची रोजची बैठक होती जेमतेम चार तासांची.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. आई तो आठ वर्षांचा असतानाच गेली. शाळेत तो रमला नाही; थोरल्या भावाबरोबर बागेतल्या खोपटात रसायनांचे प्रयोग करण्यात मात्र रमला. १८२५ मध्ये वडिलांनी त्याला डॉक्टरी शिकायला एडिंबरोला पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रिया पाहवेना, म्हणून तो तिथून पळाला. मग धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला. तिथे त्याला भुंगेरे जमवण्याचे वेड लागले. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मिळ भुंगेरे सापडले. ते दोन्ही मुठींत धरले तोच तिसरा दिसला. हात मोकळा नाही, म्हणून पठ्ठ्याने एक भुंगेरा तोंडात टाकला! त्याने जिभेवर असे काही जहाल पाणी सोडले की तो थुंकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला. याच केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्याबरोबर तो इतक्या वेळा फिरायला जाई की, हेन्स्लोंबरोबर चालणारा तो मुलगा, अशीच त्याची ओळख झाली. शास्त्र त्याच्या अंगात मुरले ते वर्गात कमी आणि वाटेवर जास्त.

हेन्स्लोंच्याच शिफारशीने त्याला ‘बीगल’ जहाजावर जागा मिळाली. वडिलांनी आधी नकार दिला, तेव्हा मामा जोसाया वेजवुड यांनी मध्यस्थी केली. २७ डिसेंबर १८३१ ला निघालेले जहाज २ ऑक्टोबर १८३६ ला परतले. या जवळजवळ पाच वर्षांतली तीन वर्षांहून अधिक वर्षे डार्विनने जमिनीवर काढली. घोड्यावरून मैदाने तुडवली, अँडीज पर्वत ओलांडला. दक्षिण अमेरिकेतले गुराखी दोरीच्या टोकांना गोळे बांधून ते जनावराच्या पायात फेकतात. ते शिकायला गेला, तर गोळा अडकला स्वतःच्याच घोड्याच्या पायात. गुराखी पोट धरधरून हसले. गॅलापागोस बेटांवर तो महाकाय कासवांच्या पाठीवर बसून तोल सांभाळत होता. तिथल्याच एका समुद्री सरड्याला शेपटीला धरून त्याने पुन्हा पुन्हा पाण्यात भिरकावले. उत्तम पोहणारा तो प्राणी दर वेळी परत किनाऱ्यावर, त्याच्याच पायाशी येई. पोरखेळच हा, पण त्यातून डार्विनने विचार केला की, या प्राण्याला जमिनीवर शत्रू नाही आणि पाण्यात शार्क आहेत, म्हणून भीती वाटली की तो किनाराच गाठत असावा. खेळ कुठे संपला आणि प्रयोग कुठे सुरू झाला, सांगता येणार नाही.

इंग्लंडला परतल्यावर दोन-तीन वर्षांतच चित्र पालटले. १८३९ मध्ये मामेबहीण एमा हिच्याशी लग्न झाले, आणि पाठोपाठ एक न उलगडणारे दुखणे मागे लागले. उलट्या, धडधड, थकवा. अँडीज ओलांडणारा गडी तिशीतच आजारी माणूस झाला. १८४२ मध्ये हे जोडपे लंडनची गर्दी सोडून केंट परगण्यातल्या डाऊन या खेड्यात राहायला गेले. पुढची चाळीस वर्षे तेच घर.

१८४६ मध्ये डार्विनने शेजारच्या जमीनदाराकडून घरामागच्या बाजूची जमिनीची एक अरुंद पट्टी भाड्याने घेतली, तिच्यात झाडे लावली आणि कडेने एक वाट काढली. हीच ती ‘सँडवॉक’, वाळूची वाट. एक बाजू दाट सावलीची, दुसऱ्या बाजूने दरीचा मोकळा देखावा. फेरी सुमारे पाव मैलाची. दिवसाचा क्रम असा : पहाटे लहानशी फेरी, न्याहारी, आठ ते साडेनऊ काम. मग टपाल वाचणे किंवा बायकोकडून कादंबरी ऐकणे. साडेदहा ते बारा पुन्हा काम. बारा वाजता आजचे मुख्य काम झाले म्हणायचे आणि पाऊस असो की ऊन, काठी घेऊन वाळूच्या वाटेवर जायचे. दुपारी जेवण, वर्तमानपत्र, पत्रलेखन, आडवे पडून पुन्हा कादंबरी. चारला आणखी एक फेरी आणि शेवटचा तासभर काम.

सुरुवातीच्या वर्षांत फेऱ्यांचा आकडा ठरलेला असे. तो मोजायला त्याने वाटेच्या कडेला गारगोट्यांची रास केली होती. एक फेरी झाली की एक गारगोटी पायाने ढकलायची. म्हणजे डोक्याला मोजणीचा भार नाही. हिशेब दगडांनी ठेवायचा आणि डोके मोकळे. ज्याने आयुष्यभर आकडेमोड केली आहे, त्याला या युक्तीचे मोल चटकन कळेल. कधी कधी तो झाडीत इतका निश्चल उभा राही की, खारीची पिल्ले त्याच्या पायांवरून पाठीवर चढत आणि त्यांची आई झाडावरून कलकलाट करी. आपल्या सिद्धान्तातला एक अडलेला प्रश्नही त्याला टेबलाशी सुटला नाही. एका मूळ जातीपासून निघालेल्या जाती एकमेकींपासून इतक्या दूर का जातात, याचे उत्तर त्याला घोडागाडीतून जाताना सुचले. रस्त्यावरची ती नेमकी जागा आपल्याला म्हातारपणीही आठवते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

घरात मुलांचे राज्य होते. एमा आणि चार्ल्सना दहा मुले झाली. त्यांतली तीन लहानपणीच गेली. जिन्याला लावायला लाकडी घसरगुंडी होती. सूक्ष्मदर्शकापाशी बसण्यासाठी डार्विनचे चाके लावलेले स्टूल होते. मुले त्यावर बसून काठीने वल्हवत दिवाणखान्यात होडी चालवत. वडिलांच्या खोलीत चिकटपट्टी, दोरा, कात्री, हातोडी काहीही मागायला मुले शिरत. चार वर्षांच्या एका मुलाने तर कामाच्या वेळेत खेळायला यावे म्हणून वडिलांना सहा पेन्सांची लाच देऊ केली होती! ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या मूळ हस्तलिखिताची फार थोडी पाने आज शिल्लक आहेत. त्यांतली काही वाचली, ती मुलांनी पाठकोऱ्या बाजूवर चित्रे काढली म्हणून.

पण मुलांना खेळायला देऊन डार्विन आपले काम करत होता, असे नव्हते. मुले त्याच्या कामात होती. मधमाश्यांच्या कुळातले केसाळ भुंगे ठरावीक वाटेनेच उडतात का, हे पाहायचे होते. त्याने पाच-सहा मुलांना वाटेवरच्या एकेका जागी उभे केले. भुंगा आला की त्या मुलाने ओरडायचे आणि पुढच्याने सावध व्हायचे. लपंडावासारखा हा खेळ अनेक उन्हाळे चालला. बिया समुद्र ओलांडून दूरच्या बेटांवर रुजू शकतात का, यासाठी त्याने ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या. २८ दिवसांनंतरही त्यांतल्या ६४ रुजल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर यांना त्या इतक्या टिकणार नाहीत असे वाटे. म्हणून बाबा हुकरसाहेबांना हरवणार का, अशी मुलांची रोजची चौकशी असे.

या घरावर दुःखही तितक्याच जोराने कोसळले. थोरली मुलगी ॲनी १८५१ च्या एप्रिलमध्ये, दहा वर्षांची असताना गेली. आठवड्याभराने डार्विनने तिच्या आठवणी कागदावर उतरवल्या. त्यांत वाळूची वाट आहे. तो भरभर चाले, तरी ॲनी त्याच्या पुढे, गिरक्या घेत जाई, असे त्याने लिहिले आहे. त्यानंतरही तीस वर्षे तो त्याच वाटेवर चालत राहिला. त्या फेऱ्यांना आपण नुसता व्यायाम म्हणू शकत नाही.

१८५८ च्या जूनमध्ये दुसरा घाव बसला. आल्फ्रेड वॉलेस यांचे पत्र आले. वीस वर्षे उराशी बाळगलेली कल्पना दुसऱ्यालाही सुचली होती. त्याच महिन्यात दीड वर्षाचा धाकटा मुलगा गेला. १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन वाचले गेले, आणि डार्विन पुस्तकाला भिडला. ते २४ नोव्हेंबर १८५९ ला प्रसिद्ध झाले. आयुष्यातल्या सर्वांत निकडीच्या त्या वर्षी या गृहस्थाने काय केले असेल? घरात बिलियर्डचे टेबल आणले. त्याने त्या जीवजाती डोक्यातून निघून जातात, असे त्याने मित्राला कळवले. रात्री एमाबरोबर बॅकगॅमन हा फाशांचा खेळ असेच. त्याची नोंद तर पाहण्यासारखी आहे : १८७६ पर्यंत एमाने २,४९० डाव जिंकले होते आणि त्याने २,७९५!

या सगळ्याला अलीकडे शास्त्राचा थोडा आधार मिळाला आहे. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी दाखवले की, बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी जास्त सुचल्या. समोर कोरी भिंत असलेल्या यंत्राच्या पट्ट्यावर चालले तरी फरक पडला, आणि चालून येऊन बसल्यावरही तो थोडा वेळ टिकला. मात्र ज्या प्रश्नाला एकच अचूक उत्तर असते, तिथे चालणारे किंचित मागेच पडले. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच पटते. दिवसअखेर ताळा जुळत नसेल, तर बागेत फिरून तो जुळत नाही. तिथे खुर्चीच हवी. पण ताळा चुकतोच का, पद्धत बदलता येईल का, हे खुर्चीत क्वचितच सुचते. डार्विनलाही बैठक होतीच. बार्नॅकल नावाच्या, खडकांना चिकटून राहणाऱ्या चिमुकल्या जीवांवर त्याने आठ वर्षे घालवली. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५ हजार पत्रे उपलब्ध आहेत. बैठकीत जमवायचे आणि वाटेवर जुळवायचे, अशी ही वाटणी होती.

डार्विनला वडिलोपार्जित पैसा होता, नोकरचाकर होते, लोकल पकडायची नव्हती, हेही खरे. आणि त्यालाही सगळे साधले नाही. तरुणपणी आवडणारी कविता उतारवयात वाचवेना, संगीताचीही गोडी गेली. आपले मन म्हणजे माहितीच्या ढिगातून नियम दळून काढणारे यंत्र झाले आहे, याची त्याला खंत होती. पुन्हा जन्म मिळाला, तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचीन, थोडे संगीत ऐकेन, असे त्याने लिहिले. पायांना आणि हातांना त्याने रोज मोकळीक दिली. हा एक कोपरा मात्र राहून गेला.

शेवटपर्यंत खेळकरपणा मात्र सुटला नाही. १८८१ मध्ये गांडुळांवरचे पुस्तक निघाले. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहायला त्यांना शिट्टी, बसून नावाचे वाद्य आणि पियानो ऐकवून झाला होता. सत्तरी ओलांडलेला जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ गांडुळांपुढे मैफल भरवतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे.

१८८२ च्या मार्चमध्ये वाळूच्या वाटेवरच त्याला झटका आला. कसाबसा घरी पोहोचला. त्यानंतर ती वाट त्याला पुन्हा दिसली नाही. १९ एप्रिलला तो गेला, आणि घराण्याला खाली मान घालायला लावील असे ज्याच्याबद्दल वाटले होते, त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ जागा मिळाली. डाऊनचे घर आज संग्रहालय आहे. येणारे लोक त्याची अभ्यासिका पाहतात, चाकांची खुर्ची पाहतात आणि मग मागच्या दाराने वाळूच्या वाटेवर एक फेरी मारून येतात.