तुळईवर चढलेला मास्तर

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग कोणी बांधली, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. पैसा जॉन रास्कोबचा, पुढारपण माजी गव्हर्नर अल स्मिथचं, आराखडा श्रीव्ह, लॅम्ब अँड हार्मन या वास्तुविशारदांचा आणि ठेका स्टॅरेट ब्रदर्स अँड ईकन यांचा. ही नावं कागदोपत्री आहेत. पण 1250 फुटांपर्यंत जी माणसं खरोखर चढली, लालबुंद रिव्हेट डब्यात झेलत राहिली, त्यांचे चेहरे आज आपल्याला दिसतात ते मुख्यतः एका माणसामुळे. त्याचं नाव लुईस हाइन. तो इंजिनिअर नव्हता की बांधकामावरचा मजूर नव्हता. मुळात होता शाळामास्तर.

हाइनचा जन्म 26 सप्टेंबर 1874 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओशकॉश गावचा. तो अठराच्या आसपास असताना वडील अपघातात गेले आणि घराचा भार त्याच्या अंगावर आला. फर्निचरच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. दिवसाचे 13 तास, आठवड्याचे 6 दिवस, आणि हातात पडायचे 4 डॉलर. पुढे आयुष्यभर त्याने कष्टकऱ्यांचे फोटो काढले, पण ते लांबून बघणाऱ्याच्या कुतूहलाने नव्हे. कारखान्याचा भोंगा काय असतो, हे त्याला आधीच माहीत होतं.

मिळेल ते काम करत, पैसे साठवत तो शिकला. 1901 मध्ये न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाला. तिथेच शाळेच्या कामासाठी त्याच्या हातात कॅमेरा आला. त्या काळी युरोपातून रोज हजारो माणसं बोटीने एलिस बेटावर उतरत होती. वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी बरंच वाईटसाईट छापून यायचं. हाइन 1904 पासून तिथे जाऊ लागला. गाठोडी सांभाळत रांगेत उभ्या असलेल्या आया, भेदरलेली मुलं, थकलेले म्हातारे यांचे त्याने फोटो काढले. आपल्या विद्यार्थ्यांना या माणसांविषयी आदर वाटावा, एवढाच त्यामागचा हेतू होता.

हीच मंडळी पुढे गिरण्यांत, खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत गेली. हाइनही त्यांच्या मागोमाग पिट्सबर्गला पोहोचला. उंच इमारतींना लागणारं पोलाद या शहरात बनायचं. गगनचुंबी इमारतीचा पहिला बळी तिच्या पायाशी नव्हे, तर शेकडो मैल लांबच्या भट्टीसमोर पडत होता म्हणा ना! 1907-08 मध्ये पिट्सबर्गची जी मोठी सामाजिक पाहणी झाली, तिच्यासाठी हाइनने फोटो काढले. याच पाहणीत क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईने कामावरच्या अपघातांचा हिशेब मांडला. जुलै 1906 ते जून 1907 या एका वर्षात, एका जिल्ह्यात, 526 माणसं कामावर मेली होती. कित्येकांच्या घरच्यांना अंत्यविधीच्या खर्चापलीकडे फारसं काही मिळालं नव्हतं. तेव्हाचा कायदाच तसा होता. माणसाने काम पत्करलं म्हणजे त्यातला धोकाही पत्करला, असं कोर्ट धरून चालायचं. ईस्टमनचे आकडे आणि हाइनचे चेहरे शेजारीशेजारी आले, तेव्हा लोकांना तो कायदा डोळ्यांनी दिसला. पुढे न्यूयॉर्क राज्यात नुकसानभरपाईचा कायदा झाला. कोर्टाने तो 1911 मध्ये रद्द केला, आणि 1914 मध्ये तो पुन्हा करावा लागला.

1908 मध्ये हाइनने मास्तरकी सोडली आणि तो राष्ट्रीय बालकामगार समितीचा पूर्णवेळ छायाचित्रकार झाला. मालक लोक त्याला दारातही उभं करायचे नाहीत. मग तो कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा, कधी आगीपासूनच्या बंदोबस्ताचा तपासनीस बनून आत शिरायचा. कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे त्याने मोजून ठेवलेलं. मूल शेजारी उभं राहिलं की त्याची उंची कळायची. खिशात हात घालून, न बघता, तो कागदावर मुलाचं नाव, वय, मजुरी टिपून घ्यायचा. असे पाच हजारांवर फोटो त्याने काढले. बालमजुरीविरोधातला केंद्रीय कायदा 1916 मध्ये झाला, 1918 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि टिकणारा कायदा यायला 1938 उजाडलं. फोटोने जग एका रात्रीत बदलत नाही, हे हाइनइतकं कोणाला कळलं असेल?

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी रेडक्रॉससाठी युरोपात काम करून तो परतला, तेव्हा त्याची नजर थोडी बदललेली होती. अन्याय दाखवून झाला होता. आता श्रमाची शान दाखवायची, असं त्याने ठरवलं. यंत्रं आपोआप चालतात, इमारती आपोआप उभ्या राहतात, असं लोकांना वाटू लागलं होतं. त्यामागचा माणूस त्याला पुढे आणायचा होता. 1930 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगचं काम चित्रांत टिपण्यासाठी त्याला बोलावणं आलं. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता.

काम कसलं चाललं होतं ते बघा. 17 मार्च 1930 ला बांधकाम सुरू झालं आणि 1 मे 1931 ला 102 मजली इमारतीचं उद्घाटनही झालं. ऐन भरात 3 हजारांहून जास्त माणसं रोज कामावर असायची. आठवड्याला सरासरी साडेचार मजले चढत होते. पिट्सबर्गहून येणाऱ्या प्रत्येक पोलादी तुळईवर तिची जागा लिहिलेली असे. क्रेन ती वर उचलायची, वरची माणसं ती खांबाला भिडवायची, आणि मग रिव्हेटवाल्यांची चौकडी पुढे यायची. पहिला छोट्या भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्याने भिरकावायचा. दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात बसवायचा. तिसरा मागून जड लोखंड लावून रेटून धरायचा आणि चौथा हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोडीने त्याचं दुसरं टोक चेपायचा. फेकणारा चुकला तर खाली रस्त्यावर निखारा पडणार, झेलणारा चुकला तर तोल जाणार. कमरेला दोर नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. पायाखाली वीतभर रुंद तुळई, वर वारा. पावसात किंवा दंवात लोखंड निसरडं व्हायचं ते वेगळंच.

या कामगारांत आयरिश होते, स्कँडिनेव्हियातून आलेले होते, आणि कॅनडातल्या काहनावागेचे मोहॉक आदिवासीही होते. मोहॉकांना उंचीची भीती जन्मतःच नसते, अशी एक गोष्ट अमेरिकेत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण 29 ऑगस्ट 1907 ला क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला, तेव्हा मेलेल्या 75 जणांपैकी 33 जण या एकाच वस्तीतले होते. त्यानंतर सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जायचं नाही, असा आग्रह तिथल्या बायकांनी धरला, असं सांगतात. भीती होतीच. पोटासाठी ती गिळायला ते शिकले होते, इतकंच.

हाइन या माणसांबरोबर मजल्यामागून मजला चढत गेला. जड कॅमेरा सोबत होता आणि मदतीला मुलगा कॉरीडन. शेवटी शेवटी बाहेरून फोटो मिळावा म्हणून तो क्रेनला टांगलेल्या पाळण्यात बसला आणि फिफ्थ अव्हेन्यूच्या हजारेक फूट वर अधांतरी लोंबकळत राहिला. या कामातून सुमारे हजार फोटो निघाले. तारेला धरून आकाशात झेपावल्यासारख्या दिसणाऱ्या एका तरुण कामगाराच्या फोटोला त्याने इकारसचं नाव दिलं. ग्रीक कथेतला इकारस सूर्याच्या फार जवळ गेला आणि पडला. हा मात्र पडला नाही. 1932 मध्ये यातले निवडक फोटो घेऊन हाइनने तरुण वाचकांसाठी 'मेन अॅट वर्क' हे पुस्तक काढलं.

इथे एक घोळ निस्तरला पाहिजे. तुळईवर ओळीने बसून अकरा कामगार जेवताहेत, तो प्रसिद्ध फोटो पुष्कळजण हाइनच्या नावावर खपवतात. तो त्याचा नाही. तो 1932 चा, रॉकफेलर सेंटरचा, आणि जाहिरातीसाठी मुद्दाम जमवून आणलेला.

पण हाइनच्या फोटोंनाही एक प्रश्न विचारायला हवा. त्याला हे काम दिलं होतं ते बांधणाऱ्यांनी. फोटोंत धाडस आहे, हसू आहे, पीळदार दंड आहेत. मरण नाही. अधिकृत नोंदीत 5 मृत्यू आहेत. शहरात याहून मोठ्या आकड्यांची कुजबूज होती. नोंदीतली कारणं बघितली तर लिफ्टच्या पोकळीत पडणं, परांचीवरून कोसळणं, सुरुंगाच्या टप्प्यात सापडणं अशी आहेत. यात इकारससारखं काही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही बांधकामावर घडतात तसेच हे साधे, टाळता येण्याजोगे अपघात. शूरपणाचं कौतुक करताना सुरक्षेचा दोर कोणी द्यायचा होता, हा प्रश्न मागे पडतो. पिट्सबर्गच्या हाइनने तो विचारला असता. एम्पायर स्टेटच्या हाइनने तो फ्रेमच्या बाहेर ठेवला. आणखी एक गोष्ट बोचते. गिरणीतल्या मुलांची नावं त्याने खिशात हात घालून, चोरून टिपली होती. उंचावरच्या या माणसांपैकी बहुतेकांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत.

तरीही त्याच्यावर रागावता येत नाही. मंदीचे दिवस होते. बाहेर लाखो बेकार फिरत होते. अशा वेळी मजुराला मान ताठ ठेवून उभा असलेला दाखवणं, हीसुद्धा त्याची बाजू घेणंच होतं. आणि त्या कामातून हाइनचं स्वतःचं काही भलं झालं म्हणावं, तर तेही नाही. पुढच्या वर्षांत कामं कमी होत गेली. सरकारच्या नव्या छायाचित्र विभागाने त्याला घेतलं नाही. हेस्टिंग्ज-ऑन-हडसनचं राहतं घर कर्जापायी गेलं. 1939 च्या नाताळच्या दिवशी पत्नी सारा वारली आणि 3 नोव्हेंबर 1940 ला हाइननेही डोळे मिटले. वय 66. त्याच्या पश्चात फोटोंचा ठेवा न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमला देऊ केला, तर त्यांनी नाकारला. अखेर रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊसने तो सांभाळला.

आज उंच इमारतींच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक या फोटोंशिवाय पुरं होत नाही. आपल्या शहरांतही मजल्यांवर मजले चढताहेत आणि परांचीवर माणसं आहेत. त्यांचा फोटो काढणं आता सोपं झालंय, मोबाईल सगळ्यांच्याच खिशात असतो. पण त्याच खिशात हात घालून नाव, वय आणि मजुरी टिपून घेणारा मास्तर अजूनही दुर्मीळच आहे.