दाजीपूरचं रान राखणारा राजा : राजर्षी शाहू महाराज

दाजीपूरचे गवे बघायला आज लांबून लोक येतात. पण हे रान राखलं कुणी?

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव जन्मले. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला.

महाराजांना शिकारीचा भारी नाद. दाजीपूरचं जंगल संस्थाननं शिकारीसाठीच राखलं होतं, हे खरं. पण राखीव म्हणूनच ते टिकलं. त्याच डोंगरातून येणारं भोगावतीचं पाणी अडवायला महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. शहरात खासबागेची जागा कुस्ती मैदानाला दिली. १९१२ ला ते उभं राहिलं.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. धरण पुरं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

पुढं १९५८ ला दाजीपूर अभयारण्य झालं. १९८५ ला ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं. २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेलं.

गवे पिकात शिरतात, शेतकरी वैतागतो. त्याला भरपाई वेळेत मिळायलाच हवी. पण रान तुटलं, तर खालच्या शिवाराला पाणी कुठनं येणार?