फादर थॉमस स्टीफन्स : शंकेला पुराणाने उत्तर देणारे धर्मगुरू

आपल्या धर्मग्रामात, कार्यालयात वा शेजारीपाजारी कोणी ना कोणी आपल्याला श्रद्धेविषयी प्रश्न विचारीत असते. तुम्ही तीन देव मानता का? पवित्र मरियेची पूजा करता का? देव माणूस झाला, हे कसे? कधी त्यात निव्वळ कुतूहल असते, कधी शंका, तर कधी थोडा दंशही. अशा वेळी आपण गडबडून जातो किंवा रागावतो. मराठी भाषेत ख्रिस्तश्रद्धेचे विस्तृत उत्तर चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी दिले, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे जीवन म्हणूनच पुनःपुन्हा आठवावे असे आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. वडील लंडनमधील व्यापारी होते. थॉमस वयात येत असताना इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथ पहिली हिची राजवट होती. तिच्या काळात कॅथॉलिक पद्धतीचा पवित्र मिस्सा कायद्याने गुन्हा ठरला होता. श्रद्धावंतांना दार लावून, दबक्या आवाजात उपासना करावी लागे. आपली श्रद्धा ही शेजाऱ्याच्या दृष्टीने संशयाची बाब आहे, याचा अनुभव थॉमसने तरुणपणीच घेतला.

या काळात त्यांचा स्नेह थॉमस पाऊंड या गृहस्थाशी जुळला. पाऊंड हे राजदरबारातील मानाचे जीवन सोडून श्रद्धेकडे वळले होते. दोघांनी मिळून रोमला जावे व येशूसंघात प्रवेश घ्यावा, असे ठरले. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड यांना अटक झाली आणि पुढील सुमारे तीस वर्षे त्यांना निरनिराळ्या तुरुंगांत काढावी लागली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. मित्राला मात्र ते विसरले नाहीत. त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि पाऊंड यांना तुरुंगात असतानाच संघात सामावून घेण्यात आले.

संत फ्रान्सिस झेवियर यांना देवाघरी जाऊन तेव्हा जेमतेम पाव शतक लोटले होते. त्यांच्या कार्याने प्रेरित होऊन स्टीफन्स यांनी भारतात जाण्याची परवानगी मागितली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजांचा ताफा निघाला आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. साडेसहा महिन्यांच्या या सागरी प्रवासाचे वर्णन त्यांनी १० नोव्हेंबर रोजी वडिलांना पत्राने कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले व तिकडच्या लोकांचे भारताविषयीचे कुतूहल त्याने वाढविले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून फादर स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते.

साष्टीचे धर्मगुरू

त्यांच्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे साष्टीत गेली. ही आपली ठाणे-मुंबईची साष्टी नव्हे, तर दक्षिण गोव्यातील साष्टी. मडगाव, राशोल आदी गावांचा तो प्रदेश. तेथे पोहोचलेल्या तरुण धर्मगुरूपुढे जे वास्तव उभे होते, ते झाकून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोर्तुगीज सत्तेने इ. स. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली होती. हिंदूंच्या धर्मग्रंथांवर व सार्वजनिक विधींवर बंदी होती. ज्यांना ख्रिस्ताची ओळख करून द्यावयाची, त्यांच्या मनात या साऱ्याची जखम होती.

ही जखम इ. स. १५८३ च्या जुलै महिन्यात उघडी पडली. कुंकळ्ळी येथे पाहणीसाठी गेलेल्या येशूसंघाच्या पाच जणांना आणि त्यांच्यासोबतच्या काही ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार केले. फादर रुडॉल्फ अक्वाविवा हे त्यांपैकी एक. ते अकबर बादशहाच्या दरबारात राहून नुकतेच परतले होते. विहिरीत टाकलेले हे मृतदेह मिळवून राशोल येथे त्यांचे दफन करण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पोर्तुगीजांनी पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. ख्रिस्तसभेने या पाच हुतात्म्यांना इ. स. १८९३ मध्ये धन्यवादित म्हणून घोषित केले. त्यांच्या मरणाचा आदर करतानाच, त्या गावकऱ्यांवर आधी व नंतर झालेला अन्यायही आपण विसरता कामा नये.

सहकाऱ्यांची प्रेते हाती आलेला माणूस सूडाची भाषा बोलू शकला असता. फादर स्टीफन्स लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी पॅरिसमध्ये असलेला आपला भाऊ रिचर्ड याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले. भाषाशास्त्रज्ञांनी हे नाते सिद्ध करण्यास पुढे दोनशे वर्षे लागली.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक कसोटी आली. रॅल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज प्रवासी हेर असल्याच्या संशयावरून गोव्यात कैद झाले. ते प्रॉटेस्टंट इंग्लंडमधून आलेले होते. स्टीफन्स यांच्या येशूसंघातीलच फादर एडमंड कॅम्पियन यांना त्याच इंग्लंडने इ. स. १५८१ मध्ये देहान्त शिक्षा दिली होती. तरीही फादर स्टीफन्स यांनी धावपळ करून या कैद्यांची जामिनावर सुटका घडवून आणली. श्रद्धेचे स्पष्टीकरण शब्दांनी देण्याआधी ते कृतीने द्यावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

एका श्रोत्याचा प्रश्न

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच त्याच्या जन्माची कथा आली आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये पाद्रीगुरू रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत होते. तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला. त्याने विनंती केली की, आमची जुनी पुराणे वाचण्यास आपण मनाई केली आहे, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचण्यासाठी तसेच काही का देत नाही?

या प्रश्नात किती गोष्टी दडलेल्या आहेत! त्यात जिज्ञासा आहे, तसेच दुःखही आहे. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या कथा गेल्या, सणांच्या रात्री रिकाम्या झाल्या आणि हाती आली ती पाठ करावयाची धर्मप्रश्नोत्तरे. केवळ नियम आणि व्याख्या यांनी माणसाचे मन भरत नाही. फादर स्टीफन्स यांनी या प्रश्नात बंडखोरी पाहिली नाही. श्रोत्याची मागणी रास्त आहे, हे त्यांनी ओळखले आणि मराठीच्या स्वतःच्या ओवी छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे महाकाव्य रचून तिला उत्तर दिले. वरिष्ठांची अनुमती मिळून ते इ. स. १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते.

हा ग्रंथ देवनागरीत छापावा, अशी त्यांची इच्छा होती. इ. स. १६०८ मध्ये रोममधील आपल्या महावरिष्ठांना त्यांनी तसे लिहिलेही होते. परंतु रोमन लिपीला जेथे चोवीस साचे पुरत, तेथे या लिपीला शेकडो साचे लागणार होते. अखेर मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले.

उत्तराची रीत

शंका घेणाऱ्याला उत्तर कसे द्यावे, याचे तीन धडे या ग्रंथातून मिळतात.

पहिला धडा आरंभ कोठून करावा याचा. ऐकणाऱ्याला वाटणे साहजिक होते की, हा परक्यांचा नवा धर्म आहे, जहाजातून काल-परवा आलेला. म्हणून फादर स्टीफन्स बेथलेहेमपासून सुरुवात करीत नाहीत. पहिल्या पुराणाच्या ३६ अवस्वरांत ते एकमेव परमेश्वर, विश्वाची निर्मिती, आदाम-एवा, नोहा, मोशे, दावीद व संदेष्टे यांची कथा सांगतात. दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरांत पवित्र मरिया, प्रभूचा जन्म, शिकवण, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण येते. ही मूळ पुरुषापासून सुरू होणारी सर्व मानवजातीची कथा आहे आणि तिच्यात ऐकणाराही आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा धडा शब्दांचा. त्यांनी स्वर्गासाठी वैकुंठ हा श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द घेतला. परमेश्वर, मुक्ती, भक्ती हे शब्दही घेतले. परंतु पवित्र आत्म्यासाठी व काही संस्कारांसाठी त्यांनी पोर्तुगीज-लॅटिन वळणाचीच नावे ठेवली. जेथे जुना शब्द ऐकणाऱ्याला अर्थाच्या जवळ नेतो तेथे तो वापरावा. जेथे तो भलतीकडे नेईल तेथे नवा शब्द शिकवावा. पवित्र त्रैक्य म्हणजे तीन देव नव्हेत, देव एकच आहे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो आहे. पुत्र एकदाच, खऱ्या अर्थाने मनुष्य झाला. त्याला भूक लागली, तो रडला, तो खरोखर मेला आणि पुन्हा उठला. पवित्र मरियेला आपण देवता मानीत नाही. ती प्रभूची माता आहे, म्हणून तिचा मान राखतो व तिची मध्यस्थी मागतो. अशा गोष्टी समजावून सांगताना एक सैल शब्दही मोठा गैरसमज करू शकतो.

तिसरा धडा पायरीचा. पुराण त्यांनी मराठीत रचले, पण सामान्यांना समजावे म्हणून त्यात कोकणी शब्द मिसळले. लहानांसाठी त्यांनी कोकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. त्यात गुरू आणि शिष्य प्रश्नोत्तरे करतात. ते त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १६२२ मध्ये राशोलला प्रसिद्ध झाले. नव्याने येणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. फादर दियोगो रिबेरो यांनी त्यात भर घातली व ते इ. स. १६४० मध्ये छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. ज्याला शिकवायचे त्याने आधी शिकावे, हा त्यामागचा विचार.

त्यांच्या लेखनात त्या काळाच्या मर्यादाही आहेत. जुन्या देवदेवतांविषयी त्यांनी केलेली टीका आज आपल्याला रुचणार नाही आणि आपण तिचे अनुकरणही करू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इ. स. १९६५ मध्ये इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्यास आपल्याला शिकविले आहे. मात्र एका परकीय धर्मगुरूने पहिल्याच अवस्वरात मराठीची जी मुक्त कंठाने स्तुती केली, तीत लोकांविषयीचे प्रेम आहे आणि ते खरे आहे.

पुराणाचा प्रवास

इ. स. १६१९ मध्ये फादर स्टीफन्स प्रभूच्या घरी गेले. मायदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही. त्यांचे पुराण मात्र जगले. इ. स. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. इ. स. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली, तरी त्याच्या हस्तलिखित प्रती घराघरांतून जपल्या गेल्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या सोबत नेल्या आणि उपवासकाळात त्यांचे वाचन चालू ठेवले. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी राखलेल्या हस्तलिखितांवरूनच इ. स. १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. देवनागरी लिपीतील आवृत्ती इ. स. १९५६ मध्ये पुण्यातून शांताराम बंडेलू यांनी काढली. फादर स्टीफन्स यांची देवनागरीची इच्छा अशा रीतीने साडेतीनशे वर्षांनी पूर्ण झाली.

ज्या ब्राह्मणाने चर्चमध्ये उभे राहून तो प्रश्न विचारला, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. परंतु त्याने विचारले नसते, तर मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले नसते. आपल्याला कोणी शंका विचारील तेव्हा हे लक्षात ठेवू या. प्रश्न विचारणारा आपला वैरी नसतो. पुष्कळदा तो आपल्याकडे काहीतरी मागत असतो. त्याला उत्तर देण्यासाठी आधी आपली श्रद्धा आपण नीट जाणून घेतली पाहिजे, त्याची भाषा व त्याचे दुःख समजून घेतले पाहिजे आणि मगच नम्रतेने बोलले पाहिजे. कुटुंबात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ख्रिस्तपुराणातील काही ओव्या वाचण्याचा परिपाठ आपण सुरू केला, तर मुलांच्या पहिल्या प्रश्नांची उत्तरेही तेथेच सापडू लागतील.