ग्रिफिथ जोन्स व त्यांच्या फिरत्या शाळा

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेश. तेथील खेडुतांची वेल्श भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी. ह्या प्रदेशांतील कारमार्थनशायर परगण्यांत १६८४ च्या सुमारास ग्रिफिथ जोन्स ह्यांचा जन्म झाला. लहानपणीं ते मेंढरें राखीत. पुढें विद्या संपादून त्यांनीं दीक्षा घेतली, व १७१६ सालीं लान्डाउरॉर ह्या खेड्याचे ते पाळक झाले. प्रकृति नेहमींच क्षीण. तथापि हातचें काम त्यांनीं सोडलें नाहीं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीं ते लोकांस जमवून धर्मतत्त्वांविषयीं प्रश्न विचारीत. उत्तरें येत ना. शास्त्र छापलेलें होतें, पण वाचणार कोण? गरिबांच्या मुलांसाठीं कांहीं धर्मार्थ शाळा पूर्वींच निघाल्या होत्या. परंतु त्यांपैकीं पुष्कळांत शिक्षण इंग्रजींत चाले. मूल शब्द घोकी, अर्थ त्यास कळत नसे. आणि शेतकाम निघालें कीं बाप त्यास घरीं नेई.

१७३१ च्या सुमारास जोन्स ह्यांनीं मंडळीच्या अर्पणाच्या पैशांतून आपल्या गांवीं वेल्श वाचन शिकविणारी शाळा काढली. हळूहळू रीति ठरली ती अशी. गांवानें जागा द्यावी, बहुधा देऊळच; शिक्षकानें तीनएक महिने तेथें राहून शिकवावें व मग पुढच्या गांवीं जावें. शाळा बहुतकरून हिवाळ्यांत, शेतांत काम थोडें असे तेव्हां, भरे. सुगींत शाळा ओस कां पडते हें आमच्या खेड्यांतील मास्तरांस सांगावयास नको! दिवसा सवड नसे त्यांस रात्रीं शिकवीत. फी नसे. नातवाशेजारीं आजाहि मुळाक्षरें म्हणे. वेल्श बहुतेक लिहिल्याप्रमाणेंच वाचतात, आपल्या बाळबोधीसारखी. त्यामुळें मन लावणारा थोड्याच आठवड्यांत वाचूं लागे. लेखन व हिशेब मात्र शिकवीत नसत. ही उणीव आम्हांस मोठी वाटते, कारण सावकाराचा कागद नुसता वाचून गरिबाचें भागत नाहीं, आंकडेहि पडताळावे लागतात. पण तीन महिन्यांत सगळेंच कसें साधावें?

विरोध पुष्कळ झाला. १७५२ सालीं शेजारच्या एका पाळकानें त्यांच्या निंदेचें पुस्तकच छापलें. वेल्श भाषा लवकर मेलेली बरी, असें म्हणणारेहि होते. जोन्स ह्यांचें म्हणणें साधें होतें: लोक इंग्रजी शिकेपर्यंत थांबलें, तर मधल्या पिढ्या अज्ञानांतच मरतील. ८ एप्रिल १७६१ रोजीं ते वारले, तोंपर्यंत ३,४९५ शाळा भरल्या व १,५८,००० हून अधिक शिष्य शिकले असें त्यांचे वार्षिक अहवाल सांगतात. त्या काळीं साऱ्या वेल्सची वस्ती पांच लाखांच्या आंत होती!

त्यांच्या पश्चात् ब्रिजेट बेव्हन नांवाच्या धनाढ्य बाईनें १७७९ पर्यंत हें काम चालविलें, व मरतांना शाळांसाठीं १०,००० पौंड ठेवले. मृत्युपत्रावरून तंटा माजला. पैसा पंचवीस वर्षांहून अधिक काळ कचेरींत अडकून पडला आणि मास्तर घरीं बसले. एकाच थैलीवर सारें काम उभें होतें.

इतक्यांत उत्तरेस बाला येथील थॉमस चार्ल्स ह्यांनीं १७८५ च्या सुमारास फिरत्या शाळा पुन्हा सुरू केल्या. पवित्र शास्त्र विकत घेण्यासाठीं १८०० सालीं अनवाणी बाला गांवीं चालत गेलेल्या मेरी जोन्सची गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. ती विणकराची मुलगी वाचावयास शिकली ती अशाच एका शाळेंत.