अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक



आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत. तिथले भिलाला, निहाल किंवा कोरकू लेकरू अंगणवाडीत येते, तेव्हा घरची बोली एक आणि बाईंची भाषा दुसरी असे होऊ शकते. मग ते गप्प बसते आणि आपण त्याला बुजरे ठरवतो. अशा लेकरांचा विचार ज्यांनी फार पूर्वी केला, त्या ताराबाई मोडक यांची आज ओळख करून घेऊ या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांचे पती आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला वकील होते. परंतु हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज कसा पाहत असेल, हे सांगायला नको. ताराबाई खचल्या नाहीत. राजकोटला त्यांनी स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यात सामील झाल्या. मॉन्टेसरी पद्धत त्यांनी तिथे आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे दादरला त्यांनी शिशुविहार चालवला.

शहरातले काम छान चालले होते; पण खेड्यातल्या गरीब मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. मॉन्टेसरीची महागडी साधने खेड्याला कुठून परवडणार? १९४५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच तिथली शिकण्याची साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी राहते, हे पाहून पाळणाघर जोडले. मुले गुरे राखायला जातात, म्हणून कुरणावरच शाळा भरवली.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. वारली घरातल्या मुलाने कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रे पाहिलेली असतात, तारप्यावरचा नाच पाहिलेला असतो. जंगलातली झाडे, पाखरे, कंदमुळे त्याला ठाऊक असतात. असे मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. ताराबाईंच्या कामातून आपण घ्यायचा धडा हाच, की मुलाला जे ठाऊक आहे तिथूनच त्याचे शिक्षण सुरू व्हावे. त्याच्या घरची बोली आणि रीत हलकी ठरवली, तर आईवडीलही हलके आहेत असे ते न सांगता शिकते. ती जखम अक्षरओळखीने भरून निघत नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, देशात एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यामागे ताराबाई आणि अनुताईंच्या अंगणातल्या बालवाडीची पुण्याई आहे.

आपल्यापैकी कुणी बालवाडीत शिकवतात, कुणी आपल्या लेकरांना तिथे सोडतात. सातपुड्यातले मूल आपल्या मुलाशेजारी बसले, तर त्याच्या बोलीला हसू नये, एवढे आपण घरी शिकवू शकतो. पाखराला, झाडाला, भाकरीला तुमच्यात काय म्हणतात, हे त्याला विचारू या. ते सांगेल, आपली मुले ऐकतील, आणि दोघेही शिकतील.