पंडिता रमाबाई आणि प्लेगचे दिवस

२०२० साली गुढीपाडव्याच्या दिवशी, म्हणजे २५ मार्च रोजी, सर्व देशाचे व्यवहार बंद झाले हे वाचकांस स्मरत असेलच. पवित्र सप्ताह व पास्काचा सण त्या वर्षी आपण आपापल्या घरी पाळला. तुळजापूरच्या भवानीचे मंदिर काय किंवा आपली ख्रिस्तमंदिरे काय, दारे उघडण्याची मोकळीक मिळाली ती दिवाळीच्या पाडव्यास, १६ नोव्हेंबर रोजी. मराठवाड्यात कित्येक गावांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकून परगावच्या माणसास, किंबहुना पुण्यामुंबईहून परतलेल्या आपल्याच लेकरांस, वेशीबाहेर थांबविले. सरकारी निर्बंधांस ज्या कायद्यांचा आधार घेण्यात आला त्यांतील एक १८९७ सालचा होय. तो नवा असतानाच ज्यांना त्या काळच्या निर्बंधांची झळ लागली, त्यांत पंडिता रमाबाई ह्या होत्या. त्यांचे चरित्र ह्या महोत्सवी अंकात देण्याचे आम्ही म्हणूनच योजिले आहे. बाई आमच्या ख्रिस्तसभेच्या नव्हेत. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. तथापि मराठी ख्रिस्ती घरात हे नाव परके नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदेची पर्वा न करता पत्नीस संस्कृत शिकविले व मातेने ती विद्या मुलीस दिली. दक्षिणेतील दुष्काळात आईबाप व थोरली बहीण अन्नावाचून गेली. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह झाला. दोन वर्षे होतात न होतात तोच पटकीने पती गेले आणि पदरी लहानगी मनोरमा राहिली. दुष्काळ आणि साथ ह्या दोहोंची ओळख बाईंस अशी घरातच झाली होती. इंग्लंड व अमेरिका पाहून आल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. सदनातील मुली ख्रिस्ती होतात म्हणून १८९३ साली टिळकांच्या केसरीने त्यांजवर केवढे काहूर उठविले होते हे प्रसिद्धच आहे.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या बाळपणीची उपासमार आठवून बाई तिकडे गेल्या व अनाथ मुली आणू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला, तेथून तो पुण्यास आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचा कायदा झाला, आणि पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई घरे तपासू लागले. रोग्यास प्लेगच्या इस्पितळात न्यावे, घरच्यांस छावणीत वेगळे ठेवावे, सामान जाळावे, असा क्रम सुरू झाला. लोकांनी रोगी दडविले, कित्येक शहर सोडून पळाले. सावित्रीबाई फुले ह्यांनी मात्र रोग्यांची सेवा करता करता १० मार्च रोजी देह ठेविला. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडसाहेबांवर गोळ्या झाडल्या, ही कथा सर्वश्रुत आहे.

ह्या धामधुमीत दुष्काळातील मुली पुण्यात आणू नयेत असा अधिकाऱ्यांचा हुकूम रमाबाईंस झाला. भुकेने खंगलेल्या मुलींस दाराशी आणून आत घेऊ नये, ही आज्ञा किती जड असेल! परंतु बाईंनी हुज्जत घातली नाही. सोलापूरच्या लोहमार्गावर केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली जमीन होती; तेथे उघड्या रानात तात्पुरते निवारे उभारून त्यांनी मुलींस नेले. मुक्तिसदन ते हेच.

हुकूम पाळणाऱ्या ह्याच बाईंनी पुढे सरकारास जाब विचारला. सदनातील एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेण्यात आली ती परत मिळाली नाही. तेव्हा तेथे तरुण स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, असे त्यांनी बॉम्बे गार्डियन पत्रात आपल्या नावानिशी प्रसिद्ध केले. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी ती हकीकत विपर्यस्त ठरविली. विशेष हे की, चार वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभे असलेले टिळक व रमाबाई ह्या जुलमाविषयी एकच तक्रार करीत होते; आणि रोगी वेगळा ठेवू नये असे दोघांपैकी कोणीही म्हटले नाही. टिळकांनी तर हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ चालविले. आमच्या मते बाईंचा अधिकार येथेच दिसतो. ज्याने स्वतः निर्बंध मोडला त्याची तक्रार दुबळी ठरती. बाईंची तशी ठरत नाही.

प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ नामक फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखविले. अर्थात माणसास माणसापासून तोडण्याने त्या वेळी जे साधले, त्याहून अधिक घर सोडून मोकळ्यावर राहिल्याने साधत असे. आमच्या भागातही, जो तेव्हा निजामाच्या राज्यात होता, प्लेगात गाव सोडून रानात खोपटी घालून राहण्याची चाल होती. लोकांस ही युक्ती शास्त्राआधीच उमगली होती.

केडगावास १९०० च्या सुमारास जवळजवळ दोन हजार स्त्रिया व मुले राहत होती. १९१९ साली त्याच इंग्रज सरकारने बाईंस कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ साली मनोरमा गेली; ५ एप्रिल १९२२ रोजी, बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करून, केडगावासच बाईंनी देह ठेविला.