विश्लेषण : सुवर्णपदक जिंकले, पण शर्यत तिथे संपली नाही… कोण होते एरिक लिडेल?

ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय हॉकी संघाने स्पेनला २-१ असे हरवून ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकले, ते पॅरिसजवळच्या कोलोंब येथील स्टेडियमवर. शंभर वर्षांपूर्वी, १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचे हेच मुख्य स्टेडियम होते. त्या स्पर्धेत एका स्कॉटिश धावपटूने रविवारी धावायला नकार दिला आणि आपल्या हक्काच्या शर्यतीवर पाणी सोडले. काही दिवसांनी दुसऱ्याच शर्यतीत त्याने सुवर्णपदक पटकावले. त्याचे नाव एरिक लिडेल. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटामुळे ही गोष्ट जगभर पोहोचली. चित्रपट जिथे थांबतो, तिथून पुढची वीस वर्षे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत. खेळातली शर्यत आणि श्रद्धेची शर्यत यांचे नाते समजून घ्यायचे, तर ती वीस वर्षेही पाहायला हवीत.

लिडेल यांची पार्श्वभूमी काय?

एरिक हेन्री लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिआनजिन (तेव्हाचे तिएनत्सिन) येथे झाला. आईवडील स्कॉटिश मिशनरी. लहान वयातच त्यांना थोरले बंधू रॉब यांच्यासोबत इंग्लंडमधील एल्थम कॉलेज या निवासी शाळेत ठेवण्यात आले. मिशनऱ्यांच्या मुलांसाठीची ही शाळा. आईवडील हजारो मैलांवर, भेट काही वर्षांतून एकदा. बुजऱ्या स्वभावाचा हा मुलगा मैदानावर मात्र वेगळाच दिसे. १९२० मध्ये त्यांनी एडिंबरा विद्यापीठात विज्ञानशाखेत प्रवेश घेतला. १९२२ आणि १९२३ या दोन वर्षांत ते स्कॉटलंडकडून सात आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळले. १९२३ मध्ये त्यांनी शंभर यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. तो ब्रिटिश विक्रम पुढे दोन दशकांहून अधिक काळ टिकला.

त्याच वर्षी स्टोक येथील ४४० यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून ते खाली पडले. उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले होते. तरीही त्यांनी सगळ्यांना गाठून शर्यत जिंकली. डोके मागे टाकून, तोंड उघडे ठेवून, हात वाटेल तसे फेकत धावण्याची त्यांची पद्धत पाहून जाणकार नाक मुरडत. शर्यतीआधी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करण्याची त्यांची सवय मात्र सगळ्यांना आवडे. तेव्हा स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. धावपटू मातीत पायांसाठी खळगे खणत. ते खणायची आपली खुरपी लिडेल इतरांनाही देत.

रविवारी धावायला नकार का?

१०० मीटर ही लिडेल यांची सर्वात भरवशाची शर्यत. पण तिच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलै १९२४ रोजी होत्या आणि तो रविवार होता. बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आठवड्यातील एक दिवस देवासाठी राखून ठेवायला सांगते. स्कॉटलंडमधील प्रोटेस्टंट घरांत ही आज्ञा काटेकोरपणे पाळली जाई. रविवारी काम नाही आणि खेळही नाही. लिडेल यांनी हा नियम कोणावर लादला नाही, स्वतःपुरता मात्र तो मोडला नाही.

चित्रपटात त्यांना ही अडचण पॅरिसला निघताना बोटीवर चढता चढता कळते. प्रत्यक्षात वेळापत्रक काही महिने आधीच समजले होते आणि निर्णयही तेव्हाच झाला होता. दोन्ही रिले शर्यतींच्या अंतिम फेऱ्या १३ जुलैच्या रविवारी असल्याने त्या संघांतूनही ते बाहेर राहिले. देशापेक्षा स्वतःचा हट्ट मोठा मानला, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांनी वाद घातला नाही. उरलेले महिने २०० आणि ४०० मीटरच्या तयारीसाठी वापरले.

१०० मीटरचे सुवर्ण ब्रिटनच्याच हॅरल्ड एब्रहॅम्स यांनी जिंकले. ९ जुलैला २०० मीटरमध्ये लिडेल यांना कांस्य मिळाले. ११ जुलैला ४०० मीटरच्या अंतिम फेरीत त्यांच्या वाट्याला सर्वात बाहेरची लेन आली. त्या लेनमधून वळणापर्यंत प्रतिस्पर्धी दिसतच नाहीत. त्यांनी पहिले २०० मीटर जणू तेवढीच शर्यत असावी, अशा वेगाने कापले. पुढे दमछाक होईल, असा सर्वांचा अंदाज होता. पण ते मागे पडले नाहीत. वेळ ४७.६ सेकंद, नवा ऑलिम्पिक विक्रम. अमेरिकेचे होरेशियो फिच बरेच मागे राहून दुसरे आले.

पौलाच्या पत्राशी याचा संबंध काय?

खेळाडू आणि श्रद्धावान यांची तुलना ख्रिस्ती परंपरेत अगदी सुरुवातीपासून आहे. प्रेषित पौल (कॅथलिक समाजात संत पॉल) इसवी सन ५० च्या सुमारास ग्रीसमधील करिंथ शहरात राहिले. या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. ऑलिंपियाखालोखाल ज्यांचा मान, अशा मोजक्या स्पर्धांपैकी ही एक. विजेत्याला मिळे तो पानांचा मुकुट, पाइनचा किंवा वाळलेल्या सेलरीचा. त्यामुळे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलांनी धावपटू आणि मुष्टियोद्धा यांची उदाहरणे दिली, तेव्हा वाचणाऱ्यांना ती लगेच कळली असणार.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. कोमेजणाऱ्या मुकुटासाठी खेळाडू खाणेपिणे, झोप, करमणूक सगळ्यावर ताबा ठेवतो. मग जो मुकुट कोमेजत नाही, त्यासाठी माणसाने किती शिस्त पाळायला हवी? ग्रीकमध्ये स्पर्धेला ‘अगोन’ आणि सरावाला ‘आस्केसिस’ म्हणत. हाच दुसरा शब्द पुढे ख्रिस्ती वैराग्यासाठी आणि तपश्चर्येसाठी रूढ झाला. म्हणजे तालमीतला शब्द मठात गेला. आपल्याकडे ‘साधना’ हा शब्द गायकाच्या रियाजाला आणि साधकाच्या उपासनेलाही लागतो, तसेच काहीसे.

पण तुलनेत एक मोठा फरकही आहे. मैदानावर एकच जिंकतो आणि बाकीचे हरतात. श्रद्धेच्या शर्यतीत दुसऱ्याला मागे टाकायचे नसते. जो शेवटपर्यंत धावतो, तो प्रत्येक जण मुकुटाचा मानकरी. लिडेल यांच्या पुढच्या आयुष्यात हा फरक स्पष्ट दिसतो.

विजयानंतर त्यांनी काय केले?

ऑलिम्पिकनंतर काही दिवसांतच एडिंबरा विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. तिथे जुन्या ग्रीक प्रथेप्रमाणे त्यांच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवण्यात आला आणि विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. वय २२, कीर्ती शिखरावर. १९२५ मध्ये मात्र ते चीनला निघाले. तिआनजिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकवले आणि मुलांचे खेळ घेतले. १९३२ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये कॅनेडियन मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. लिडेल शहरातील नोकरी सोडून शिआओझांग या ग्रामीण भागात गेले. तिथल्या मिशन रुग्णालयात बंधू रॉब डॉक्टर होते. युद्ध, पूर आणि दुष्काळ यांनी गावे पिचली होती. लिडेल सायकलवरून किंवा पायी गावोगाव फिरत. १९४१ मध्ये धोका वाढला, तेव्हा त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी मॉरीन तिथे जन्मली. तिला ते कधीच पाहू शकले नाहीत.

छावणीतला रविवार

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना शानडोंग प्रांतातील वेइशिएन छावणीत डांबले. एका जुन्या मिशनच्या आवारात सुमारे दीड हजार परदेशी नागरिक दाटीवाटीने राहत होते. त्यांत आईवडिलांपासून ताटातूट झालेली शाळकरी मुलेही होती. लिडेल त्यांचे ‘अंकल एरिक’ झाले. ते विज्ञान शिकवत, बायबलचा वर्ग घेत, खेळ भरवत आणि म्हाताऱ्यांसाठी पाणीही वाहत.

रविवारी खेळ नाही, हा त्यांचा नियम छावणीतही होता. मग एका रविवारी मुलांनी पंचाशिवाय आपापली हॉकी खेळली आणि तिचे रूपांतर मारामारीत झाले. पुढच्या रविवारी मैदानावर पंच म्हणून उभे होते स्वतः लिडेल. ज्या नियमासाठी त्यांनी ऑलिम्पिकची शर्यत सोडली, तोच त्यांनी कोंडलेल्या मुलांसाठी बाजूला ठेवला. शिस्त स्वतःसाठी, सवलत दुसऱ्यासाठी, असा त्याचा अर्थ लावता येतो. स्वतःच्या पदकासाठी मात्र ही सवलत त्यांनी कधी घेतली नव्हती.

छावणीतील स्टीफन मेटकाफ या मुलाचे बूट फाटले, तेव्हा लिडेल यांनी आपले झिजलेले धावण्याचे बूट सुतळीने शिवून त्याला दिले. शत्रूसाठीही प्रार्थना करावी, हेही याच मुलांना ते शिकवत आणि पहारेकऱ्यांसाठी स्वतः प्रार्थना करत. मेटकाफ पुढे १९५२ मध्ये मिशनरी म्हणून जपानला गेले आणि तिथे अनेक दशके राहिले.

शेवट कसा झाला?

१९४४ च्या अखेरीस लिडेल यांची प्रकृती ढासळली. सतत डोके दुखे, चालणे मंदावले. अतिश्रम असतील, असे आधी वाटले. प्रत्यक्षात मेंदूत गाठ होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी छावणीतच त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १७ ऑगस्टला अमेरिकी सैनिक पॅराशूटने उतरले आणि छावणी मुक्त झाली.

कबरीवर साधा लाकडी क्रूस होता. काळाच्या ओघात ती जागाही विस्मरणात गेली. १९९१ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने स्कॉटलंडच्या मल बेटावरील ग्रॅनाइटची स्मृतिशिला तिथे, आजच्या वेइफांग शहरात, उभारली.

आज त्यांचे महत्त्व काय?

लिडेल यांचे नाव निघाले की बहुतेकांना न धावलेली शर्यत आठवते. धार्मिक निष्ठेचे उदाहरण म्हणून ते योग्यही आहे. पण एका रविवारचा नकार ही तुलनेने सोपी गोष्ट होती. जग पाहत होते आणि पुढच्याच आठवड्यात सुवर्ण मिळाले. त्यानंतरची वीस वर्षे कोणी घड्याळ लावून मोजत नव्हते. टाळ्या नव्हत्या, पदक नव्हते. गावातली धूळ होती, कुटुंबाचा विरह होता आणि छावणीतली पाण्याची बादली होती. पौलांनी धावपटूचे उदाहरण दिले ते या लांबच्या धावेसाठी. ४०० मीटर धावायला लिडेल यांना ४७.६ सेकंद लागले. दुसरी शर्यत त्यांनी आयुष्यभर धावली, आणि तीत मागे पडलेल्याला हात देण्यासाठी ते थांबतही गेले.